मेदिचींच्या घरातली दमास्कसची भांडी

1492 साली फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची वारला आणि त्याच्या वाड्यातल्या चीजवस्तूंची यादी झाली. चित्रं, पुतळे, रत्नं, हस्तलिखितं यांची नोंद त्यात आहेच. पण मध्येमध्ये नक्षीची धातूची भांडी येत राहतात आणि त्यांच्यापुढे शेरा असतो ‘आला दोमास्कीना’, म्हणजे दमास्कसच्या धर्तीची. चित्रकार बोत्तिचेल्लीला काम देणारं, पोरसवदा मायकेलअँजेलोला आश्रय देणारं हे घर. तिथे जपून ठेवलेली ही भांडी सीरिया-इजिप्तकडची होती, किंवा निदान तिकडच्या वळणाची.

रेनेसाँ, म्हणजे पुस्तकी मराठीतला युरोपीय प्रबोधनकाळ, म्हटला की ग्रीक-रोमन कलेचं पुनरुज्जीवन एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. संगमरवरी पुतळ्यांपुरतं ते ठीक आहे. धातूच्या शोभिवंत वस्तूंकडे वळलं की मामला वेगळा दिसतो. तिथे इस्लामी जगाकडून तंत्र आलं, वेलबुट्टी आली आणि कित्येकदा तयार मालच आला. ‘प्रभाव पडला’ असं म्हणून पुष्कळ लेखक मोकळे होतात. इथे मात्र तो कुणाच्या मागणीमुळे आणि कोणत्या हातांनी आला हे बरंचसं सांगता येतं, म्हणून हा विषय मला आवडतो.

आधी तंत्र समजून घेऊ. पितळेच्या भांड्यावर चांदीची नक्षी करताना चांदी चिकटवत नाहीत, डाखही लावत नाहीत. नक्षीच्या रेषेवर बारीक छिन्नीने चर कोरायचा, चराच्या कडा आतून किंचित पोखरायच्या, त्यात चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठेवायचा आणि हलक्या हाताने ठोकायचं. मऊ चांदी पसरते, कडांखाली शिरते आणि तिथेच अडकून बसते. उरलेल्या जमिनीत काळा लेप भरतात. मग पिवळं पितळ, पांढरी चांदी आणि काळी जमीन एकमेकांना उठाव देतात. बिदरचं किंवा औरंगाबादचं बिदरीकाम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. बिदरीत पितळेऐवजी जस्ताचा मिश्रधातू असतो आणि तो नवसागर नि मातीच्या लेपाने काळा करतात, पण चांदी ठोकून बसवायची युक्ती त्याच घराण्यातली.

पोलादात असा चर कोरणं जिकिरीचं. म्हणून तिथे दुसरी पद्धत चालते. पृष्ठभागावर धारदार हत्याराने आडव्याउभ्या बारीक ओरखड्यांची जाळी करायची आणि त्यावर सोन्याची नाहीतर चांदीची तार ठोकायची. ओरखड्यांचे दाते तार धरून ठेवतात. आपल्याकडे तलवारींच्या मुठींवर हे काम होत असे, त्याला कोफ्तगिरी म्हणतात. काम झटपट होतं, सोनं कमी लागतं, पण वापराने घासून निघूनही जातं. हे लक्षात असू द्या, कारण पुढे एक इटालियन सोनार याच मुद्द्यावर फुशारकी मारणार आहे.

पितळेवरच्या कामाचं नाणावलेलं केंद्र म्हणजे तेराव्या शतकातलं, आजच्या इराकमधलं मोसूल. तिथली एक झारी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ‘ब्लाकास झारी’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. शुजा इब्न मनआ याने ती मोसूलमध्ये 1232 साली घडवली असं तिच्यावरच कोरलेलं आहे. तिच्या अंगावर शिकारी आहेत, वादक आहेत, उंटावरच्या अंबारीत बसलेली बाई आहे. पुढे मंगोलांच्या स्वाऱ्या आल्या, कारागीर पांगले, आणि इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांच्या दमास्कस-कैरोत ही कला फोफावली. पॅरिसच्या लूव्रमधलं मुहम्मद इब्न अल-झैनचं तस्त त्या बहराचं: साधारण 1320 ते 1340 मधलं, रुंदी जवळपास 50 सेंटिमीटर, आणि कारागिराने त्यावर तब्बल सहा ठिकाणी आपलं नाव घातलेलं. हे तस्त फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेलं आणि तिथे मुलांच्या बाप्तिस्म्याला वापरलं जाऊ लागलं. 1606 मध्ये तेराव्या लुईचा बाप्तिस्मा त्यातच झाला. लोक त्याला ‘संत लुईचं बाप्तिस्मापात्र’ म्हणतात. संत लुई 1270 मध्येच गेला होता, तस्त घडण्याच्या कितीतरी आधी! पण एकदा पडलेलं नाव कोण पुसणार?

चौदाव्या शतकाच्या मध्यावर प्लेगने हा सगळा प्रदेश पिळून काढला. 1401 मध्ये तैमूरने दमास्कस लुटलं आणि तिथले निवडक कारागीर समरकंदला नेले. कैरोचा इतिहासकार अल-मक्रीझी, जो 1442 मध्ये वारला, त्याने शहरातल्या या भांड्यांच्या बाजाराबद्दल हळहळून लिहिलंय. पूर्वी नवरीच्या रुखवतात चांदी बसवलेल्या पितळी भांड्यांचा संच असायचाच आणि तो मांडायला खास नक्षीचा चौरंग असायचा. त्याच्या काळात कारागीर मोजके उरले होते आणि काही लोक जुनी भांडी विकत घेऊन त्यांतली चांदी खरवडून काढत होते. संग्रहालयांतल्या कित्येक ममलूक भांड्यांत आज नुसते रिकामे चर दिसतात ते उगीच नाही.

घरचं गिऱ्हाईक असं आटत चाललं असताना बाहेरचं वाढलं, आणि ते होतं मुख्यतः व्हेनिसचं. अलेक्झांड्रिया, दमास्कस, अलेप्पो या शहरांत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या वखारी आणि वकील होते. ते मिरी, आलं, रेशीम, कापूस न्यायचे आणि बदल्यात सोन्याचांदीची नाणी द्यायचे. शिवाय मध्य युरोपातल्या खाणींचं तांबंही ते पूर्वेला पोचवायचे. म्हणजे युरोपातून कच्चा धातू जायचा आणि नक्षी होऊन, किंमत कितीतरी वाढून, त्यातला काही परत यायचा.

गिऱ्हाईक बदललं तसा माल बदलला. ममलूक अमिरासाठी बनवलेल्या भांड्यावर त्याचं नाव आणि पदव्या मोठ्या, उभ्या, डौलदार अरबी अक्षरांत असायच्या, लांबूनही भांडं कुणाचं ते कळावं म्हणून. व्हेनिसच्या सावकाराला त्या अक्षरांशी काय देणंघेणं! त्याच्यासाठीच्या मालावर मजकूर आक्रसला, माणसं आणि प्राणी जवळपास गेले आणि सगळा पृष्ठभाग वेलबुट्टीने भरून निघाला. चांदीही बेताने वापरली जाऊ लागली. रुंद पत्र्याऐवजी केसाएवढी तार आली, जी एकमेकांत गुंतलेल्या कमानदार चौकटी आखते. चौकटींच्या आत पितळेतच कोरलेली वेल इतकी बारीक असते की दोन पावलं मागे सरलं की तिची नुसती खरखर दिसते.

या मालावरची मला सगळ्यात बोलकी वाटणारी खूण म्हणजे ढाल. तबकाच्या मध्यभागी किंवा झाकणावर युरोपीय घाटाची छोटी ढाल कोरलेली असते, कारण इटालियन घराण्यांची मानचिन्हं ढालीवर काढायची पद्धत होती. काही ढालींवर खरोखरच घराण्याचं चिन्ह आहे. बऱ्याच ढाली मात्र कोऱ्या आहेत. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात ‘नाव घालून मिळेल’ अशी पाटी असते ना, तसाच हिशोब: माल आधी तयार ठेवायचा, घेणारा आपलं चिन्ह नंतर घालून घेईल. म्हणजे हा माल राजाच्या खास हुकमाचाच असेल असं नाही. बाजारासाठी, लांबच्या आणि अनोळखी गिऱ्हाइकाचा अंदाज बांधून, तो तयार होत होता. पंधराव्या शतकातली निर्यात म्हणा हवं तर.

काही भांड्यांचा तर मूळ घाटच युरोपीय आहे. झाऱ्यांची तोटी प्राण्याच्या तोंडाची, जशी जर्मनी किंवा नेदरलँड्सकडे ओतली जायची तशी. वरची नक्षी मात्र सीरियन-इजिप्शियन वळणाची. म्हणजे साधं कोरं भांडं युरोपातून जहाजाने जायचं, तिकडे त्यावर नक्षी व्हायची आणि ते पुन्हा युरोपात यायचं, असं अभ्यासक मानतात.

आता या सगळ्या मालाला कलेच्या इतिहासात ‘व्हेनेटो-सारासेनिक’, म्हणजे व्हेनिसचं-मुसलमानी, म्हणतात, आणि त्यामागे एक जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकात आंरी लाव्वा या फ्रेंच विद्वानाने मांडलं की मुसलमान कारागीर व्हेनिसमध्येच येऊन राहिले होते आणि तिथे बसून हे काम करत होते. कल्पना देखणी होती, ती शंभरेक वर्षं चालली. विसाव्या शतकात हान्स हूथ यांनी तिला सुरुंग लावला. व्हेनिसमध्ये प्रत्येक धंद्याचा संघ होता आणि त्यांचे नियम कडक. परक्या धर्माच्या माणसाला तिथे स्वतःचं दुकान थाटू देणं कठीणच, आणि अशा कारागिरांचा कागदोपत्री मागमूस लागत नाही. तुर्की व्यापाऱ्यांना राहण्यासाठी व्हेनिसने कायमची जागा दिली तीसुद्धा 1621 मध्ये, म्हणजे या भांड्यांचा बहर ओसरून गेल्यावर. मला हूथ यांचं म्हणणं पटतं. कारागीर व्हेनिसला आले नाहीत, माल आला.

मग कारागीर होते कुठे? इथे भेटतो महमूद अल-कुर्दी. या मालावर ज्यांच्या सह्या सापडतात त्यांत हा सगळ्यात ठळक. दुसरा एक उस्ताद झैनुद्दीन. महमूदने सही केलेलं एक भांडं तर खास बघण्यासारखं आहे. त्यावर अरबीत ‘उस्ताद महमूदचं काम, आपल्या प्रभूकडे क्षमेची आशा करणारा’ अशा अर्थाचा मजकूर आहे, आणि तोच मजकूर पुन्हा लॅटिन लिपीत आहे. भाषांतर करून नव्हे. अरबी शब्द जसेच्या तसे रोमन अक्षरांत: ‘आमालेइ मालेम मामूद...’ अशी सुरुवात. इटालियन मालकाला अर्थ कळायचा प्रश्नच नव्हता, पण नाव मोठ्याने वाचता आलं असतं. दूरच्या बाजारात आपलं नाव चाललं पाहिजे याची या माणसाला पक्की जाण होती. त्याचं दुकान मात्र कुठे होतं यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते ममलूकांच्या दमास्कस किंवा कैरोत. सिल्व्हिया ऑल्ड यांनी पश्चिम इराण आणि पूर्व अनातोलियाकडे बोट दाखवलं, जिथे तेव्हा आक कोयुनलू तुर्कमानांचं राज्य होतं. उस्मानी तुर्कांविरुद्ध मित्र हवा म्हणून व्हेनिसने त्यांच्या उझुन हसनकडे 1470 च्या दशकात वकील धाडले होते, तेव्हा तिकडून मालाची येजा असणं अशक्य नाही.

या मालातली सगळ्यांना मोह घालणारी वस्तू म्हणजे पितळेचा जाळीदार गोळा. दोन अर्धगोल एकमेकांवर बसतात, आत निखाऱ्याची छोटी वाटी. वाटीत सुगंधी द्रव्य टाकलं की जाळीतून धूर झिरपतो. गोळा जमिनीवर गडगडत सोडला तरी निखारा सांडत नाही, कारण वाटी एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगलेली असते. प्रत्येक कड्याची खीळ शेजारच्या कड्याच्या खिळीशी काटकोनात. गोळा कसाही फिरो, कडी आपापल्या आसावर वळतात आणि वाटी स्वतःच्या वजनाने सपाट राहते. जहाजावरचा होकायंत्राचा डबा याच तत्त्वावर स्थिर राहतो. बदरुद्दीन बैसरी या ममलूक अमिराचा असा गोळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, सुमारे 18 सेंटिमीटर रुंद, दुतोंडी गरुडांनी सजवलेला. पंधराव्या-सोळाव्या शतकात व्हेनिसच्या बाजारासाठी याहून लहान, हातात मावणारे गोळे आले आणि थंडीत हात शेकायला त्यांचा उपयोग होऊ लागला.

इथे एक सांगायला हवं. ही यंत्ररचना अरबांनीच युरोपला दिली असं सरसकट म्हणता येत नाही. चीनमध्ये तांग काळातले चांदीचे असे धूपगोळे सापडलेत. फ्रान्समध्ये व्हिलार द ऑनकूर याने तेराव्या शतकातच आपल्या वहीत हात शेकण्याच्या अशा गोळ्याची आकृती काढून ठेवली आहे, आणि थंडीत प्रार्थना चालवणाऱ्या बिशपला हा फार कामाचा असंही लिहिलंय. या रचनेला नाव मात्र पडलं सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्दानोचं, ज्याने ती शोधलेलीच नाही. गोळ्यावरची नक्षी पूर्वेची, कळ अनेकांना ठाऊक असलेली, असं म्हणणं जास्त बरोबर.

सोळाव्या शतकात इटालियन कारागिरांनी हे काम स्वतः हाती घेतलं. व्हेनिसमध्ये अशा नक्षीकारांना ‘अझ्झिमिनिस्ती’ म्हणत, आणि हा शब्द अरबीतल्या ‘अजमी’, म्हणजे इराणी, यावरून आला. त्यांतल्या पाओलो नावाच्या एकाने पेटीवर सही करताना आपलं आडनावच ‘आजेमिनिउस’ असं घातलंय. पितळेच्या तबकावर व्हेनेटो-सारासेनिक वळणाचं काम करणारा एक जण होता कोर्फू बेटावरचा ग्रीक निकोलो रुजिना. त्याच्या तबकावर 1550 साल आहे. कोर्फू तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होतं. मिलान आणि मांतुआकडे चिलखतं नि ढाली सजवणाऱ्यांनी पोलादावरचं सोन्याचं काम उचललं. मांतुआच्या जॉर्जो घिझीची 1554 ची ढाल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर तारकाम दमास्कसच्या रीतीचं आणि चित्रं मात्र ग्रीक-रोमन पुराणातली.

आणि मग बेनवेनुतो चेल्लिनी, मघाशी म्हटलेला तो फुशारकीबाज सोनार. आत्मचरित्रात तो सांगतो की रोममध्ये तरुणपणी काही छोट्या तुर्की कट्यारी त्याच्या हाती आल्या. मूठ, पातं, म्यान सगळं पोलादी, त्यावर तुर्की पद्धतीची पानं कोरून सोनं भरलेलं. त्याला ते इतकं आवडलं की त्याने स्वतः तशा कट्यारी केल्या. आता ऐका: त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या कट्यारी तुर्की कट्यारींपेक्षा सुंदरही होत्या आणि टिकाऊही. टिकाऊ, कारण त्याने चर जास्त खोल आणि रुंद कोरले. सुंदर, कारण तुर्क एकाच जातीची पानं आणि थोडी सूर्यफुलं काढतात, त्यांचा लवकर कंटाळा येतो, तर इटलीत पानांचे नाना प्रकार. चेल्लिनीला स्वतःची आरती ओवाळायची सवयच होती, तेवढं वजा करून वाचायचं. तरी कारागीर कारागिराकडून कसा शिकतो हे इथे अगदी त्याच्याच तोंडून कळतं. तो तुर्की कट्यार समोर ठेवतो, चराची खोली पाहतो आणि पानाचा आकार बदलतो.

वस्तू प्रत्यक्ष हाती न येताही नक्षी पोचू लागली ती छपाईमुळे. लिओनार्दोच्या वर्तुळात दोऱ्यांच्या गाठींची गोल नक्षी कोरून छापली गेली, एकच दोरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने धरून नेता येईल अशी. कलावंतांची चरित्रं लिहिणारा वाझारी तक्रार करतो की लिओनार्दोने असल्या गाठींवर वेळ वाया घालवला. जर्मन चित्रकार ड्यूररला मात्र त्या एवढ्या आवडल्या की 1506-07 च्या सुमारास त्याने त्यांवरून सहा लाकूडठसे केले. या गाठी आणि पूर्वेकडच्या पितळी तबकांची वर्तुळाकार नक्षी शेजारी ठेवली की नातं लपत नाही. 1530 मध्ये फ्रान्सेस्को पेल्लेग्रिनो या फ्लॉरेन्सच्या माणसाने पॅरिसमध्ये अरबी आणि इटालियन धर्तीच्या नक्षीचे नमुने छापले. न्यूरेम्बर्गच्या पेटर फ्लोटनरचे असे नमुने त्याच्या मृत्यूनंतर 1549 मध्ये झुरिकला निघाले. सोनारांना, चर्मकारांना, भरतकाम करणाऱ्यांना ते आयतेच मिळाले. या वेलबुट्टीला युरोपात ‘मोरेस्क’ आणि ‘अरबेस्क’ म्हणू लागले. हान्स होल्बाइनने इंग्लंडच्या जेन सीमोर राणीसाठी सोन्याच्या पेल्याचं रेखाचित्र काढलं, त्यातही ही वेल आहे. पेला पुढे वितळवला गेला, रेखाचित्र उरलं. सोन्याचांदीच्या वस्तूंचं नेहमी हेच होतं: पैशांची चणचण भासली की त्या मुशीत जातात. पितळेला तो मोह नव्हता, म्हणून ते टिकलं. आज आपल्याला सगळीकडे पितळच दिसतं त्यामागे हेही कारण आहे.

एक गंमत अक्षरांची. 1445 मध्ये पुऱ्या झालेल्या, रोमच्या सेंट पीटर चर्चच्या फिलारेतेने घडवलेल्या कांस्य दारांवर अरबीसारखी दिसणारी अक्षरं आहेत. वेरोक्किओच्या कांस्य डेव्हिडच्या अंगरख्याच्या काठावरही तशीच. वाचायला जाल तर अर्थ शून्य. ती उगाच उतरवलेली वळणं. येशूच्या, डेव्हिडच्या देशातली लिपी अशीच असणार, असा त्यांचा समज असावा. ममलूकांच्या पितळी तबकाची वर्तुळाकार पट्टी तर जेंतिले दा फाब्रियानोच्या 1423 च्या चित्रात थेट मेरीच्या प्रभामंडळात जाऊन बसली.

माल उलट्या दिशेनेही गेला. 1532 मध्ये व्हेनिसच्या सोनारांनी उस्मानी सुलतान सुलेमानसाठी चार मुकुट एकावर एक बसवलेलं रत्नखचित शिरस्त्राण घडवलं. तुर्की पगडीच्या जगात मुकुट कोण घालणार, पण युरोपच्या बादशहाला आणि पोपला खिजवायला ते छान होतं. दख्खनेत तर युरोपीय पाती आणि इथल्या मुठी अशी जोडणी सर्रास होती. मराठी दप्तरांत भेटणारी फिरंग ती हीच.

लंडनला राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मराठी मंडळींना यातलं बरंचसं एका दिवसात बघता येईल. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे, अशी भांडी असलेल्या कोर्टोल्ड गॅलरीत मात्र तिकीट काढावं लागतं. तबकासमोर उभं राहिलात तर आधी मधली ढाल बघा, कोरी आहे की चिन्ह आहे. मग चांदीची रेषा बघा, ती तारेएवढी बारीक असेल तर माल बहुधा व्हेनिसच्या गिऱ्हाइकासाठी, चांदी बेताने वापरून काढलेला. वेल जवळून बघायला मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला तरी चालतो, फक्त फ्लॅश बंद ठेवा.